आलेख कोरा आला? आधी अक्षांवरचे आकडे वाचा

कोड रन झाला. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. खिडकी उघडली आणि आत नुसता पांढरा चौकोन. अशा वेळी नवखा माणूस काय करतो हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण मीही तेच करत असे. तोच कोड आणखी तीनदा रन करायचा, मग सॉफ्टवेअर बंद करून उघडायचं, मग संगणक रीस्टार्ट करायचा आणि शेवटी सगळं काढून नव्याने इन्स्टॉल करायचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! सॉफ्टवेअर बहुतेक वेळा धडधाकट असतं. आपण दिलेलं त्याने इमानदारीने काढलेलं असतं, पण त्यात काढण्याजोगं काही नसतं.

कोऱ्या आलेखाची कारणं पंचवीस-तीस तरी निघतील. ती पाठ करण्यात अर्थ नाही. त्यातलं आपलं कारण कुठल्या टप्प्यावर दडलंय हे पाच मिनिटांत ओळखता आलं की झालं. टप्पे चारच: आकडे आणणे, त्यांवर गणित करणे, आलेख काढणे आणि तो पडद्यावर किंवा फाइलमध्ये पोचवणे. खालच्या पायऱ्या मुख्यतः पायथनच्या मॅटप्लॉटलिबला आणि मॅटलॅबला धरून आहेत. मॅथेमॅटिका, मेपल आणि ग्नूप्लॉटचे खास खाचखळगे त्या-त्या ठिकाणी येतील. कमांडची नावं इथे देवनागरीत, उच्चारावरून लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करा.

पायरी १: कोरा म्हणजे नेमका कसा कोरा?

"आलेख कोरा येतोय" या वाक्यात चार-पाच वेगवेगळे आजार लपलेले असतात. म्हणून कोडकडे वळण्याआधी त्या पांढऱ्या चौकोनाकडे नीट बघा.

खिडकीच उघडली नाही, अक्षसुद्धा नाहीत? मग गणितात हात घालू नका. भानगड शेवटच्या टप्प्यात आहे. पायथनच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी 'पीएलटी.शो()' लिहायचं राहिलं असेल. मॅथेमॅटिकात ओळीच्या शेवटी अर्धविराम पडला असेल. तिथे अर्धविराम म्हणजे "काम कर, पण दाखवू नको". मेपलमध्ये हेच काम कोलन करतो. मॅटलॅबची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो, कारण मॅटलॅबमध्ये अर्धविराम दिला तरी आलेख दिसतोच. ग्नूप्लॉटची स्क्रिप्ट टर्मिनलवरून चालवली तर खिडकी क्षणभर चमकून मिटते. तिला थोपवायला 'पर्सिस्ट' हा पर्याय द्यावा लागतो. आणि दूरच्या सर्व्हरवर, जिथे पडदाच जोडलेला नाही, तिथे मॅटप्लॉटलिब 'ॲग' नावाच्या बॅकएंडवर (चित्र प्रत्यक्ष उमटवणाऱ्या भागावर) चालत असतं. ते चित्र फाइलमध्ये लिहू शकतं, खिडकी उघडू शकत नाही. अशा ठिकाणी 'शो' सोडा आणि 'सेव्हफिग' वापरा.

अक्ष आहेत आणि दोन्हींवर ० ते १ असे आकडे आहेत? कोऱ्या अक्षांची ती मूळ मर्यादा आहे. म्हणजे तुमची 'प्लॉट' कमांड या अक्षांपर्यंत पोचलीच नाही. एक तर ती चाललीच नाही (एखाद्या 'इफ'च्या आत अडकली असेल), किंवा तिने दुसऱ्याच चौकटीत चित्र काढलं.

दोन्ही अक्ष शून्याच्या आसपास घुटमळताहेत, साधारण उणे ०.०५ ते अधिक ०.०५? ही खूण मॅटप्लॉटलिबपुरती धरा, पण ती सोन्याच्या मोलाची आहे. कमांड योग्य जागी पोचली, पण तिच्या हातात काढण्यासारखा एकही बिंदू नव्हता. ॲरे (आकड्यांची रांग) रिकामी होती किंवा तिच्यातला एकूण एक आकडा निकामी होता.

अक्षांवरचे आकडे अगदी बरोबर दिसताहेत, पण रेषा नाही? हा प्रकार सगळ्यात फसवा. बिंदू आहेत, त्यांना जोडणारी रेषा नाही. त्याचं उदाहरण चौथ्या पायरीत सविस्तर घेतलंय.

आणि अक्षांवर भलतेच आकडे असतील, म्हणजे तुमचं उत्तर शंभराच्या घरातलं आणि अक्ष ० ते १ पर्यंतच, किंवा अक्षाच्या टोकाला दहाचा तीनशेवा घात, तर रेषा चौकटीबाहेर गेली आहे किंवा एका राक्षसी आकड्यापुढे सपाट होऊन तळाच्या अक्षाला चिकटली आहे. माझी एक आख्खी दुपार यात गेली होती. आलेख डेसिबलमधला, सगळी उत्तरं उणे ४० ते उणे २० यांच्या दरम्यान, आणि जुन्या कोडमधून चिकटवलेली एक ओळ वाय-अक्षाला ० ते १ मध्ये जखडून बसलेली. मी मात्र गणित तपासत होतो. तेव्हापासून अक्षांची मर्यादा ठरवणारी प्रत्येक ओळ मी आधी कॉमेंट करून टाकतो आणि मगच पुढे जातो.

पायरी २: एक सरळ रेषा टाकून बघा

आता कोडचे दोन तुकडे करायचे. तुमच्या 'प्लॉट(एक्स, वाय)' या ओळीत 'वाय'च्या जागी तात्पुरतं 'एक्स'च लिहा. बाकी एका अक्षरालाही हात लावू नका. डावीकडून उजवीकडे चढत जाणारी सरळ तिरपी रेषा यायला हवी.

आली, तर अक्ष, खिडकी, रंग, सेव्ह करणं हे सगळं निर्दोष. दोष 'वाय'च्या गणितात आहे. तिसऱ्या पायरीवर जा. आली नाही, तर 'एक्स'सुद्धा काढून हाताने लिहिलेले तीन बिंदू द्या: एक्ससाठी ०, १, २ आणि वायसाठी ०, १, ४. आता रेषा आली तर 'एक्स' बिघडलेला आहे. तरीही कोरंच? मग गणिताचा विषय संपला, थेट आठव्या पायरीवर उडी मारा.

हे इतकं बाळबोध वाटतं की बहुतेक जण करतच नाहीत. पण दोनशे ओळींच्या कोडमध्ये अर्ध्या मिनिटात निम्मा कोड संशयाच्या यादीतून बाद होतो.

'एक्स' बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण इथेच सांगून टाकतो. नमपायमध्ये (पायथनची आकड्यांच्या रांगांवर गणित करणारी लायब्ररी, कोडमध्ये थोडक्यात 'एनपी') 'अरेंज(१०, ०, ०.१)' लिहिलं, म्हणजे १० पासून ० पर्यंत, पण पाऊल अधिक ०.१. दहापासून वर चढत शून्याला कसं पोचणार? म्हणून रिकामी ॲरे मिळते, एरर येत नाही. मॅटलॅबमध्ये '१०:०.१:०' लिहिलं तरी तेच. पाऊल उणे द्या, नाहीतर 'लिनस्पेस' वापरा; त्यात पाऊल द्यायचं नसून बिंदूंची संख्या द्यायची असते, त्यामुळे ही चूक होतच नाही.

पायरी ३: आकड्यांची हजेरी घ्या

'प्लॉट'च्या ओळीच्या बरोबर वर, मध्ये काहीही न घालता, पाच गोष्टी छापा: किती आकडे आहेत, आकार काय, प्रकार काय, सगळ्यात लहान-मोठा कोणता आणि त्यांतले धड किती. धड म्हणजे जे अनंत नाहीत आणि 'नॅन'ही नाहीत. 'नॅन' हे "संख्या नाही" असं सांगणारं खास मूल्य आहे. दशांश (फ्लोटिंग पॉइंट) गणिताचं आयईईई ७५४ हे मानक १९८५ साली आलं, त्यात त्याची व्याख्या आहे आणि आज जवळपास सगळी गणिती सॉफ्टवेअर तेच पाळतात.

नमपायमध्ये 'वाय.शेप', 'वाय.डीटाइप' आणि 'एनपी.इझफायनाइट(वाय).सम()' छापा. मॅटलॅबमध्ये 'साइझ(वाय)', 'क्लास(वाय)' आणि 'सम(इझफायनाइट(वाय))'. शिवाय पहिले पाच आकडे डोळ्यांनी बघा. डोळ्यांना जे दिसतं ते कुठल्याही फंक्शनला दिसत नाही.

हजेरीचा अर्थ असा लावायचा. संख्या शून्य असेल तर आकडे आणण्यातच घोळ आहे. आकार (१, १) असेल तर तुमची आख्खी ॲरे गणितात कुठेतरी आकसून एका आकड्याची झाली. प्रकार 'ऑब्जेक्ट' किंवा स्ट्रिंग असेल तर बहुधा तुमच्याकडे आकडे नाहीत, आकड्यांसारखी दिसणारी अक्षरं आहेत. धड आकडे शून्य असतील तर पाचवी पायरी.

लहान-मोठा आकडा काढताना एक सापळा आहे. ॲरेत एक जरी नॅन असला तरी नमपायचं 'मिन' नॅन हेच उत्तर देतं. मॅटलॅबचं 'मिन' नॅन वगळून उरलेल्यांतला लहान सांगतं. प्रश्न एकच, उत्तरं दोन. नमपायमध्ये मॅटलॅबसारखं हवं असेल तर 'नॅनमिन' वापरा. दुसरी गंमत म्हणजे नॅन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो. त्यामुळे 'वाय == नॅन' अशी तुलना कायम 'नाही' म्हणते. तो शोधायचा तर 'इझनॅन' हेच फंक्शन हवं.

पायरी ४: अक्ष बरोबर, रेषा गायब

आता ते फसवं उदाहरण. मॅटलॅबमध्ये एक्स घेतला उणे १० ते १०, पाऊल ०.१, म्हणजे २०१ आकड्यांची एक आडवी रांग. मग लिहिलं 'वाय = साइन(एक्स)/एक्स' आणि पुढे 'प्लॉट(एक्स, वाय)'. एरर नाही. खिडकी उघडते. आडव्या अक्षावर उणे १० ते १० असे चोख आकडे. रेषा नाही.

झालं असं की मॅटलॅबमध्ये नुसती तिरपी रेघ म्हणजे आकड्याला आकड्याने भागणं नव्हे. तो मॅट्रिक्सचा भागाकार आहे. दोन समान लांबीच्या रांगा दिल्या की मॅटलॅब असा एकच आकडा शोधतं ज्याने एक्सला गुणलं तर साइन एक्सच्या शक्य तितकं जवळ जाता येईल, म्हणजे न्यूनतम वर्गांची पद्धत. या उदाहरणात तो आकडा सुमारे ०.०२२ येतो. तुम्हाला २०१ भागाकार हवे होते, त्याने एक दिला, आणि त्याच्या परीने तो अगदी बरोबर आहे.

पुढे 'प्लॉट'ला २०१ एक्स आणि एक वाय मिळतो. मॅटलॅब ते २०१ सुटे बिंदू समजतं. रेषा काढायला निदान दोन बिंदू लागतात. सुट्या बिंदूला मार्कर (बिंदूच्या जागी उमटणारी खूण) सांगितला नसेल तर तो दिसतच नाही. म्हणून अक्षांची मर्यादा बरोबर आणि चौकट कोरी.

पडताळायचं असेल तर 'प्लॉट(एक्स, वाय, 'ओ')' असं लिहा. ०.०२२ च्या उंचीवर २०१ गोल शिस्तीत उभे दिसतील. हा मार्करचा उपाय कुठल्याही कोऱ्या आलेखावर करून बघण्यासारखा आहे. रेषा लपवते ते मार्कर उघड करतो.

दुरुस्ती एका टिंबाची: तिरप्या रेघेआधी टिंब द्या, म्हणजे भागाकार घटकागणिक होतो. गुणाकाराला आणि घातालाही तसंच टिंब लागतं. त्या दोघांत टिंब विसरलं तर दोन आडव्या रांगांवर मॅटलॅब एरर तरी देतं. भागाकारात गप्प बसतं. ओरडणारी चूक परवडली, गप्प चूक नको.

टिंब दिल्यावर लाट दिसेल, पण एक्स नेमका शून्य असेल तिथे शून्य भागिले शून्य होऊन नॅन येईल आणि लाटेच्या शिखरावरच लहानशी फट पडेल. तिथली मर्यादा १ आहे, तेव्हा त्या एका जागी १ लिहून टाका. तयार 'सिंक' फंक्शन वापरायचा मोह होईल; मात्र नमपायमधलं आणि मॅटलॅबमधलं 'सिंक' एक्सला आधी π ने गुणतं, त्यामुळे लाट वेगळ्या रुंदीची येते.

नमपायमध्ये भागाकार घटकागणिकच होतो, म्हणून हा खड्डा नाही. पण त्याचा भाऊ आहे. वर कुठेतरी 'फॉर एक्स इन रेंज(१०)' असा लूप लिहिलेला असतो. लूप संपला तरी 'एक्स' जिवंत राहतो आणि त्यात ९ उरतो. पुढे तुम्ही 'प्लॉट(एक्स, एनपी.साइन(एक्स))' लिहिता, तेव्हा एकच बिंदू जातो: ९ आणि ०.४१. रेषा नाही. आडवा अक्ष मात्र साधारण साडेआठ ते साडेनऊ असा अरुंद दिसतो. मागितला होता ० ते १० आणि आला नऊच्या आजूबाजूचा, तर ॲरेचा एक आकडा झाला असं खुशाल समजा.

पायरी ५: नॅन येतो कुठून

(नमपायमध्ये) ऋण संख्येचं वर्गमूळ, ऋण संख्येचा लॉग, शून्य भागिले शून्य, अनंत वजा अनंत, अनंत भागिले अनंत. बहुतेक नॅन या पाच दारांतून येतात. पहिली तीन लगेच ध्यानात येतात. शेवटची दोन लपून येतात, कारण अनंत आला कुठून हेच कळत नाही.

तो येतो एक्सपोनेन्शियलमधून. दुप्पट अचूकतेच्या दशांश संख्येत मावणारा सगळ्यात मोठा आकडा साधारण १.८ गुणिले दहाचा ३०८ वा घात. ईचा ७०९ वा घात त्यात कसाबसा मावतो, ७१० वा मावत नाही आणि उत्तर अनंत होतं. आता 'एक्स्प(एक्स)/(१+एक्स्प(एक्स))' हे फंक्शन एक्स = १००० ला काढा. खरं उत्तर जवळजवळ १. संगणकाला दिसतं अनंत भागिले अनंत, म्हणजे नॅन. आलेख डावीकडे सुरळीत आणि ७१० पासून पुढे कोरा. तेच फंक्शन '१/(१+एक्स्प(-एक्स))' असं लिहिलं तर उजवी बाजू पूर्ववत दिसते. बीजगणितात दोन्ही एकच; संगणकात नाहीत. त्यामुळे आलेख अर्धा कोरा येत असेल तर तो कुठल्या एक्सला तुटतो हे बघा. तो आकडाच बऱ्याचदा कारण सांगून जातो.

नॅन संसर्गजन्य आहे. हजार आकड्यांत एकच नॅन असेल आणि तुम्ही सरासरी वजा केलीत, तर हजारही नॅन होतात. 'कमसम' (चालती बेरीज) केलंत तर त्या जागेपासून पुढचे सगळे. फुरिये रूपांतर केलंत तर एकही वाचत नाही. म्हणून कोरा आलेख दिसला की शेवटच्या ओळीवर न थांबता हजेरी एकेक ओळ वर सरकवत न्या. पहिला नॅन जिथे जन्माला आला ती ओळ दोषी, बाकीच्या बळी.

हे हाताने करायचा कंटाळा असेल तर सॉफ्टवेअरलाच पहारा द्यायला सांगा. मॅटलॅबमध्ये 'डीबीस्टॉप इफ नॅनइन्फ' लिहिलं की नॅन किंवा अनंत दिसताच कोड तिथेच थांबतो. नमपायमध्ये 'एनपी.सेटएरर(इनव्हॅलिड='रेझ')' लिहिलं की एरवी नुसती वॉर्निंग येऊन पुढे सरकणारी चूक ठणठणीत एरर बनते. (या दुसऱ्या कमांडचं रोमन स्पेलिंग तोकडं आहे, पूर्ण 'एरर' नाही, मी स्वतः दोनदा चुकलोय.)

घनमूळाचा किस्सा वेगळा सांगायला हवा, कारण इथे कोणीच चूक करत नाही आणि तरी अर्धा आलेख गायब होतो. उणे ८ चं घनमूळ उणे २, हे शाळेत शिकलेलं. पण 'घात १/३' असं लिहिलं की मॅथेमॅटिका आणि मॅटलॅब संमिश्र संख्यांमधलं मुख्य मूळ देतात: १ अधिक १.७३ आय. संमिश्र संख्या मॅथेमॅटिकाच्या 'प्लॉट'ला काढता येत नाही, म्हणून शून्याच्या डावीकडे रान मोकळं. नमपायची ॲरे त्याच जागी नॅन देते. उपाय तयार आहेत: नमपायमध्ये 'सीबीआरटी', मॅटलॅबमध्ये 'एन्थरूट', मॅथेमॅटिकात २०१२ च्या नवव्या आवृत्तीपासून 'क्यूबरूट' आणि 'सर्ड'. ग्नूप्लॉटची तऱ्हा आणखी निराळी. तिथे १/३ हा पूर्णांकांचा भागाकार, उत्तर ०, आणि एक्सचा शून्यावा घात म्हणून १ च्या उंचीवर सपाट रेषा. '१.०/३' लिहा.

पायरी ६: अक्षरांवर गणित करणारी सॉफ्टवेअर

मॅथेमॅटिका आणि मेपल यांना 'ए गुणिले साइन एक्स' हे 'ए' माहीत नसतानाही चालतं. गणित म्हणून ते बरोबरच आहे, पण आलेखाला आकडा लागतो. एक जरी अक्षर आकड्याविना राहिलं तरी प्रत्येक बिंदूवर उत्तर अक्षरी येतं आणि चौकट कोरी राहते.

इथली एकमेव महत्त्वाची चाचणी: आलेख बाजूला ठेवा, एक्सच्या जागी १.५ घाला आणि उत्तर बघा. निखळ आकडा आला तर ठीक. उत्तरात एखादं अक्षर शिल्लक दिसलं तर तोच चोर.

मेपलमधले दोन चोर सुप्रसिद्ध आहेत. 'ई^एक्स' असं टाइप केलेला 'ई' हा मेपलच्या लेखी साधं अक्षर असतो. ईचा घात हवा तर 'एक्स्प(एक्स)'. दुसरा पाय. पहिलं अक्षर मोठं असलेला 'पाय' हा ३.१४१५९ वाला, आणि छोट्या अक्षराचा 'पाय' हे बिनकिमतीचं चल. पडद्यावर दोन्ही हुबेहूब π असेच दिसतात, त्यामुळे नुसतं बघून पत्ता लागत नाही.

मॅथेमॅटिकात 'साइन' मोठ्या अक्षराने सुरू होतं आणि चौकोनी कंस घेतं. गोल कंस दिले तर तो त्याला गुणाकार समजतो. आणि 'डीसॉल्व्ह' किंवा 'एनडीसॉल्व्ह' फंक्शन परत देत नाहीत, नियमांची दुहेरी यादी देतात. ती यादी तशीच 'प्लॉट'ला देऊन चालत नाही. 'वाय[एक्स] /. उत्तर' असं लिहून नियम आधी लावून घ्यावा लागतो.

पायरी ७: आकडे फाइलमधून येत असतील तर

'जेनफ्रॉमटेक्स्ट' मुळात जागा सोडून लिहिलेले आकडे अपेक्षित धरतं. स्वल्पविरामाने तोडलेली फाइल 'डिलिमिटर' न सांगता दिलीत, तर "१,२" ही आख्खी ओळ त्याला एक न वाचता येणारा शब्द वाटते आणि ते नॅन देतं, तेही तक्रार न करता. काही फाइलींत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम असतो, तिथेही असाच गोंधळ. आकडे स्ट्रिंग म्हणून आले तर मॅटप्लॉटलिब कोरा आलेख देत नाही, उलट प्रत्येक स्ट्रिंगला अक्षावर वेगळी जागा देतं आणि अक्ष काळाकुट्ट होतो. कोरा नाही, पण दुखणं त्याच घरचं.

पायरी ८: आलेख निघाला, पोचला नाही

सगळ्यात जास्त वेळा भेटणारी चूक: 'शो' आधी आणि 'सेव्हफिग' नंतर. 'शो'ची खिडकी तुम्ही बंद करता तेव्हा ती आकृती संपते. त्यानंतर 'सेव्हफिग' नवी कोरी आकृती उघडतं आणि तीच फाइलमध्ये लिहितं. पडद्यावर आलेख छान दिसला होता, फाइलमध्ये कोरा! क्रम उलटा करा. त्याहून बरं म्हणजे सुरुवातीलाच 'फिग, एएक्स = पीएलटी.सबप्लॉट्स()' लिहा आणि पुढे 'एएक्स.प्लॉट', 'फिग.सेव्हफिग' अशी नावं घेऊनच हाका मारा. मग कोणती आकृती आणि कोणते अक्ष हा प्रश्नच उरत नाही. 'पीएलटी' हे मोघम नाव वापरलं की ते "सध्याची" आकृती धरतं, आणि मध्येच कुठे 'पीएलटी.फिगर()' आलं असेल तर सध्याची म्हणजे नवी कोरी.

ग्नूप्लॉटमध्ये फाइल शून्य बाइटची निघाली तर 'अनसेट आउटपुट' लिहून ती आधी बंद करा.

लॉग अक्षावर शून्य आणि ऋण आकड्यांना जागाच नसते. काँटूर (समोच्च रेषांच्या) आलेखात तुम्ही दिलेल्या पातळ्या आकड्यांच्या पट्ट्याबाहेर असतील तर मॅटप्लॉटलिब वॉर्निंग देतं, ती वाचा. रंगाच्या जागी 'डब्ल्यू' लिहिलं असेल तर तो पांढरा आहे; पांढऱ्यावर पांढरं. हसू नका, होतं.

ॲनिमेशन कोरं येत असेल तर दोन गोष्टी बघा. 'फंकॲनिमेशन'ने दिलेली वस्तू एखाद्या चलात धरून ठेवली आहे का? नाहीतर पायथन ती कचरा समजून टाकून देतं. आणि 'सेट_डेटा'ने आकडे बदलल्यावर अक्षांची मर्यादा आपोआप बदलत नाही. 'रिलिम' आणि त्यामागोमाग 'ऑटोस्केल_व्ह्यू' ही दोन्ही लागतात.

पायरी ९: नोटबुकची जुनी आठवण

ज्युपिटर किंवा मॅथेमॅटिकाच्या नोटबुकात कागदावर दिसतं ते आणि मेमरीत असतं ते यांचा मेळ असेलच असं नाही. तासाभरापूर्वी 'एक्स = ३' लिहून ती ओळ पुसलीत, तरी मेमरीत एक्स अजून ३ आहे. मॅथेमॅटिकात त्यानंतर 'एफ = एक्स^२' लिहिलंत तर एफ कायमचा ९ झाला. कर्नल (नोटबुकमागे कोड चालवणारा भाग) रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली एकदा चालवा. संगणक रीस्टार्ट करायची खुमखुमी असलेल्यांनी ती इथे भागवून घ्यावी.

एवढं करूनही चौकट कोरीच राहिली, तर कोणाला तरी दाखवायची वेळ आली. पण दोनशे ओळी पाठवू नका. फाइल वाचण्याच्या जागी हाताने लिहिलेले पाच आकडे घाला आणि आलेख कोराच राहतोय तोवर एकेक ओळ उडवत जा. पंधरा-वीस ओळी उरतील. त्यांच्यासोबत तिसऱ्या पायरीतली हजेरी, अक्षांवर दिसणारे आकडे आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा. माझ्या बाबतीत निम्म्या वेळा तो मजकूर पाठवावा लागलाच नाही; ओळी उडवता उडवता एक ओळ उडवली आणि आलेख आला.